संकेतस्थळाची तालीक : मुळशी खोऱ्यांतील एका रुमालाच्या निमित्तानें

जुनीं इनामपत्रें व वतनपत्रें वाचणाऱ्यास एक गोष्ट वारंवार आढळते. पत्राच्या अखेरीस गांवच्या मोकदमास किंवा देशाधिकाऱ्यास अशा आशयाची आज्ञा असते कीं, या पत्राची प्रत लिहून घेऊन दप्तरीं ठेवावी आणि मूळ पत्र वतनदाराजवळ भोगवट्यास परत द्यावें. आज्ञा दोन ओळींची आहे. परंतु तींत मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. अस्सल एका घरीं, तालीक दुसऱ्या घरीं. घरास आग लागली तर दप्तर उरावें, दप्तर लुटलें गेलें तर घर उरावें, आणि दोन्ही राहिलीं तर एकावरून दुसऱ्याची शहानिशा व्हावी, असा हा हिशेब होता. आज आपणांस उपलब्ध असलेल्या कित्येक पत्रांचें अस्सल केव्हांच नाहींसें झालें असून केवळ तालीक उरली आहे, हें संग्राहकांस सांगावयास नको.

इ. स. १८९८ मध्यें कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व इ. स. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तेव्हांपासून घरोघरचे कागद नकलून व छापून वांचविण्याचें कार्य महाराष्ट्रांत अखंड चाललें आहे. अलीकडे त्यांत एका नव्या रीतीची भर पडली आहे. संग्राहक कागदांचीं छायाचित्रें घेतात, त्यांचें वाचन संगणकावर उतरवितात आणि तें सर्व एखाद्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर भाड्यानें जागा घेऊन संकेतस्थळाच्या रूपानें लोकांपुढें ठेवितात. येथपर्यंत उत्तमच झालें. परंतु संकेतस्थळावर चढविलेला कागद कायमचा सुरक्षित झाला, अशी जी समजूत या कामाबरोबर रूढ होत आहे ती निराधार आहे. संकेतस्थळाचीहि तालीक घ्यावी लागते, ती रुजू करावी लागते आणि दुसऱ्या घरीं ठेवावी लागते. एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. व तें एका प्रत्यक्ष हकीकतीच्या आधारें सांगणें सोयीचें पडेल.

(१) रुमालाची हकीकत

पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुका हा या विषयाच्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. तालुक्याच्या पश्चिमेस मुळा नदीवर टाटा कंपनीनें वीज उत्पन्न करण्याकरितां बांधलेलें धरण आहे. त्याचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथील वीजगृहाकडे नेलें जातें. या धरणाविरुद्ध ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं मावळ्यांनीं सत्याग्रहास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते व याच लढ्यानें त्यांना 'सेनापति' हें नांव मिळालें. लढा इ. स. १९२४ पर्यंत चालला, धरण झालें, आणि खोऱ्यांतील अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. जमिनी सरकारनें इ. स. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें घेतल्या असल्यामुळें, मोबदला कुळास कीं पुण्याच्या सावकारास, हा प्रश्न जागोजाग कागदावर येऊन ठेपला.

ज्या गांवाची जमीनच बुडाली त्या गांवच्या कागदांस निराळें महत्त्व येतें. इतर ठिकाणीं महजरांतील चतुःसीमा वाचून संशोधक प्रत्यक्ष शिवारांत जाऊं शकतो. ओढा, वडाचें झाड, देवीचें ठाणें ताडून पाहूं शकतो. येथें तें शक्य नाहीं. शेतांचीं नांवें, पाणवठे, पायवाटा हीं सर्व आतां त्या कागदांतच काय तीं उरलीं आहेत.

अशाच एका बुडीत गांवच्या घराण्याचा एक रुमाल प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत आला. त्यांत वतनाचे कागद, दोन महजर, कर्जरोखे व खासगी पत्रें मिळून सुमारें दोनशें मोडी कागद होते. गांव सोडतांना घरच्या वृद्धांनीं भांड्यांआधीं हा रुमाल उचलला, असें घरचे लोक सांगतात. पुढें घराण्यांतील एका शिकलेल्या तरुणानें सर्व कागदांचीं छायाचित्रें घेतलीं, वाचन मोडी अक्षरांत व बाळबोधींत उतरविलें, आणि संकेतस्थळ उभारलें. त्यानंतर वाटण्या झाल्या. अस्सल कागद चार घरीं विभागले गेले. एका घरचे पावसाळ्यांत गळतीनें भिजून लगदा झाले. सबंध रुमाल एकत्र असा त्या संकेतस्थळावरच काय तो राहिला.

एके वर्षीं होस्टिंगचें भाडें भरावयाचें राहिलें. कंपनीनें सूचना पाठविल्या होत्या. पण त्या गेल्या त्याच संकेतस्थळाच्या नांवावर असलेल्या ईमेलच्या पत्त्यावर. खातें बंद होतांच तो पत्ताहि बंद पडला, व सूचना कोणीच वाचल्या नाहींत. मुदत संपल्यावर खातें पुसलें गेलें. तरुणानें खात्याची संपूर्ण राखीव प्रत पूर्वीं काढून ठेविली होती खरी, परंतु ती खात्याच्याच जागेंत होती. खात्याबरोबर तीहि गेली. शेवटीं एका जुन्या संगणकावर चौदा महिन्यांपूर्वीं उतरवून घेतलेली प्रत सांपडली. ती उघडली तेव्हां बाळबोध मजकूर ठीक निघाला. मोडी मजकुराच्या जागीं ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हें होतीं. छायाचित्रें होतीं, पण संकेतस्थळाकरितां लहान केलेलीं. बारीक अक्षरांचे कागद त्यांवरून लागेनात.

या हकीकतींत दुष्टपणा कोणाचाच नाहीं. तरी रुमालाचा मोठा भाग गेला. चुका कोठें झाल्या व त्या कशा टाळाव्या, हें आतां क्रमानें पाहूं.

(२) होस्टिंगचें खातें म्हणजे काय

याच मुळशी तालुक्याच्या पूर्व टोंकास हिंजवडी आहे, व तेथील माहिती तंत्रज्ञान उद्यानांत संगणकाचें काम करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. त्यामुळें सर्व्हर हा शब्द या भागांत कोणास अपरिचित नाहीं. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू ठेविलेला संगणक होय. त्यावरील थोडी जागा आपण वार्षिक भाड्यानें घेतों. आपण त्या जागेचे भाडेकरी आहों, मालक नव्हे, हें प्रथम ध्यानीं धरावें. भाडेकऱ्यानें आपल्या मौल्यवान वस्तूंची एकुलती एक प्रत भाड्याच्या खोलींत ठेवूं नये.

या खात्यांत चार प्रकारच्या वस्तू असतात. पहिली, फाइली : छायाचित्रें, पृष्ठांची मांडणी, कार्यक्रम. दुसरी, डेटाबेस : यांत वाचनें, टिपा, तारखा, नोंदी असा सर्व मजकूर असतो. तिसरी, त्या नांवावरील ईमेल. चौथी, व्यवस्था : संकेतस्थळाचें नांव कोणत्या सर्व्हरकडे वळवावें याची नोंद, वेळेवर चालणारीं कामें, प्रमाणपत्रें वगैरे. वर्डप्रेससारख्या साधनानें बांधलेल्या संकेतस्थळांत छायाचित्रें फाइलींत असतात व मजकूर डेटाबेसमध्यें. ज्यानें फाइलींचीच प्रत घेतली त्याच्या हातीं चित्रें येतात, वाचनें येत नाहींत. ज्यानें डेटाबेसचीच घेतली त्याच्या हातीं वाचनें येतात, कागद येत नाहींत. दोन्ही एकाच दिवशीं घेतलीं पाहिजेत. नाहीं तर नोंद एका कागदाची व चित्र दुसऱ्याचें असा घोटाळा होतो.

संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, हें बहुधा निराळ्या करारानें व निराळ्या मुदतीनें घेतलेलें असतें. होस्टिंगचें भाडें भरूनहि नांवाची मुदत संपूं शकते. दोन्ही मुदती रोजकीर्दींत लिहून ठेवाव्या, आणि सूचनांकरितां दिलेला ईमेलचा पत्ता त्या संकेतस्थळाच्या नांवावरील असूं नये. वरील रुमालाच्या नाशाचें मूळ येथेंच होतें.

(३) प्रत कशी घ्यावी

बहुतेक कंपन्या खात्याच्या व्यवस्थेकरितां सी-पॅनेल किंवा तशासारखें एखादें साधन देतात. त्यांत राखीव प्रतींचें निराळें दालन असतें व तेथें दोन मार्ग उपलब्ध असतात. पहिला मार्ग संपूर्ण प्रतीचा. यांत फाइली, डेटाबेस, ईमेल व व्यवस्था यांचा एकच गठ्ठा बांधून मिळतो. हा गठ्ठा एका कंपनीकडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवितांना फार उपयोगी. परंतु सी-पॅनेलमध्यें तो पूर्ववत् मांडण्याचा अधिकार खातेदारास नसून सर्व्हर चालविणाऱ्यास असतो. दुसरा मार्ग अंशतः प्रतीचा : फाइलींचा गठ्ठा निराळा, प्रत्येक डेटाबेसचा निराळा. हे गठ्ठे खातेदार स्वतः परत चढवूं शकतो. संग्राहकानें दोन्ही मार्गांनीं प्रती घ्याव्या. एक कंपनीच्या हातची, एक आपल्या हातची.

गठ्ठा तयार झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. तो प्रथम खात्याच्याच जागेंत पडलेला असतो. तेथून तो आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा व खात्यांतील प्रत काढून टाकावी. कारण ती भाड्याची जागाहि खाते आणि खात्याबरोबर मरतेहि. फाइली एकेक करून उतरवावयाच्या असल्यास एफटीपी किंवा त्याचा सुरक्षित प्रकार वापरतात. एफटीपीच्या कार्यक्रमांत मजकुराची रीति व द्विमान रीति असे दोन पर्याय असतात. छायाचित्रें मजकुराच्या रीतीनें उतरविल्यास कार्यक्रम ओळींच्या शेवटचीं चिन्हें बदलूं लागतो व चित्रें बिघडतात. म्हणून द्विमान रीतीच निवडावी.

कंपनी स्वतः रोजच्या रोज प्रती घेते, मग आपण कशाला घ्यावयाच्या, असा प्रश्न कित्येक जण करतात. करारपत्र लक्षपूर्वक वाचल्यास त्याचें उत्तर मिळतें. त्या प्रती कंपनीच्या सोयीकरितां असतात. त्या थोडेच दिवस ठेविल्या जातात. आणि ठराविक आकारापेक्षां किंवा फाइलींच्या ठराविक संख्येपेक्षां मोठीं खातीं अनेक कंपन्या त्या व्यवस्थेंतून वगळतात. छायाचित्रांचे संग्रह नेमके याच वर्गांत मोडतात.

आणखी एक गोष्ट. संकेतस्थळावरील चित्र म्हणजे छायाचित्राची लहान केलेली नक्कल असते. मूळ मोठें छायाचित्र बहुधा खात्यांत नसतेंच. खात्याची प्रत कितीहि चोख घेतली तरी जें खात्यांत नाहीं तें तींत येणार कोठून? मूळ छायाचित्रांची तालीक स्वतंत्रपणें ठेवावी, आणि फाइलींस अंकांचीं किंवा साध्या रोमन अक्षरांचीं नांवें द्यावीं; देवनागरी नांवें गठ्ठा बांधतांना व सोडतांना कधीं कधीं बिघडतात.

(४) रुजुवात

जुन्या दप्तरांत कागद नुसता उतरून भागत नसे. तो रुजू झाला, दप्तरांत बार झाला, अशीं चिन्हें त्यावर होत. आणि मजकूर संपल्या जागीं मोर्तब होई, म्हणजे त्याखालीं कोणास कांहीं वाढवितां येऊं नये. संगणकाच्या प्रतीसहि असें मोर्तब असतें. शा-२५६ नांवाच्या गणितानें कोणत्याहि फाइलीवरून अंक व अक्षरें मिळून ६४ चिन्हांची एक खूण काढतां येते. फाइलींतील एक बिंदु जरी बदलला तरी खूण सर्वस्वी निराळी येते. मूळ फाइलींच्या खुणांची यादी करून ठेवावी, व प्रत घेतल्यावर तिच्या खुणा काढून ताडून पाहाव्या. जुळल्या तर प्रत रुजू. वर्षानें पुन्हां ताडाव्या; चुंबकीय चकत्याहि कागदाप्रमाणेंच कुजतात, मात्र वाळवी लागल्यासारखें बाहेरून दिसत नाहीं.

पण खूण जुळली म्हणजे प्रत शाबूत, इतकेंच कळतें. ती मुळांत बरोबर काढली होती कीं नाहीं हें कळत नाहीं. वरील रुमालाच्या मोडी मजकुराची प्रश्नचिन्हें याचें उदाहरण होय. त्याचें कारण मोडीच्या अभ्यासकांनीं अवश्य समजून घ्यावें. युनिकोड या सर्वमान्य अक्षरसारणींत देवनागरी पुष्कळ आधींपासून आहे; मोडीचा समावेश इ. स. २०१४ च्या सातव्या आवृत्तींत झाला. यूटीएफ-८ या लेखनरीतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतें, तर मोडीचें चार. मायएस्क्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्यें 'यूटीएफ८' असें नांव दिलेली जुनी मांडणी तीन बाइटांपुढें जात नाहीं. चार बाइटांकरितां 'यूटीएफ८एमबी४' अशी निराळी मांडणी आहे. डेटाबेसांत मोडी नीट बसली असली, तरी प्रत काढतेवेळीं जुनी मांडणी निवडली गेली तर बाळबोध मजकूर सुखरूप येतो व मोडीच्या प्रत्येक चिन्हाजागीं प्रश्नचिन्ह पडतें. कोणतीहि तक्रार न करितां पडतें, हें विशेष. म्हणून डेटाबेसची प्रत काढतांना चार बाइटांची मांडणी स्पष्टपणें सांगावी.

यावर खरा उपाय एकच : प्रत उलगडून पाहाणें. आपल्या संगणकावर किंवा दुसऱ्या लहान खात्यावर ती मांडावी, व जणूं मूळ संकेतस्थळ नाहींच असें समजून वापरून पाहावी. दहा कागद निवडावे. त्यांत एक मोडीचा, एक मोठ्या चित्राचा, एक अगदीं अलीकडचा असावा. चित्र, वाचन व टीप तिन्ही जुळलीं तर ती प्रत. ज्या प्रतीवरून कधींच कांहीं उभें करून पाहिलें नाहीं, ती प्रत आहे असें मानूं नये.

(५) ठेवावी कोठें

छायाचित्रकार पीटर क्रोग यानें '३-२-१' या नांवानें एक नियम प्रचारांत आणला : प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांपैकीं एक निराळ्या ठिकाणीं असावी. आपल्या सनदांतील आज्ञेचाच हा विस्तार म्हणावयास हरकत नाहीं.

निराळ्या ठिकाणाचें महत्त्व पुणेंकरांस शिकवावें लागूं नये. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व नदीकांठच्या पेठांतील घरें पाण्यानें भरलीं. ता. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. एका छपराखालीं ठेविलेलीं अस्सल व तालीक अशा दिवशीं एकाच वाटेनें जातात.

सर्व्हरलाहि छप्पर असतेंच. ता. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागली. एक इमारत जळाली, लक्षावधी संकेतस्थळें बंद पडलीं, आणि ज्यांच्या राखीव प्रतीहि त्याच स्थळीं होत्या अशा कांहीं ग्राहकांचा मजकूर कायमचा गेला. तसेंच कंपनी धंदाच बंद करूं शकते. जिओसिटीज या एके काळच्या अति विस्तृत सेवेनें ता. २६ ऑक्टोबर २००९ रोजीं जगांतील बहुतेक देशांत आपलें काम थांबविलें, व लोकांनीं हौसेनें बांधलेलीं असंख्य पृष्ठें मूळ जागेवरून नाहींशीं झालीं. त्यांपैकीं पुष्कळ उरलीं तीं परक्या लोकांनीं घाईघाईनें नकला करून घेतल्या म्हणून. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था अशा नकला ठेविते. परंतु ती सर्व चित्रें घेतेच असें नाहीं, डेटाबेस तर घेतच नाहीं, आणि इ. स. २०२४ च्या ऑक्टोबरांत तिच्यावरहि हल्ला होऊन ती कांहीं दिवस बंद होती. तिला शेवटचा आधार समजावें, पहिला नव्हे.

संग्राहकानें व्यवहारांत असें करावें. एक प्रत आपल्या संगणकावर. दुसरी बाहेरच्या चकतीवर, ती काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे संगणकांत शिरलेला घातकी कार्यक्रम तिच्यापर्यंत पोहोंचणार नाहीं. तिसरी दुसऱ्या गांवीं, आप्ताकडे अथवा एखाद्या संशोधन संस्थेकडे, किंवा पहिल्या कंपनीशीं संबंध नसलेल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. मजकुरांत भर पडत असेल तर दर आठवड्यास, नसेल तर दर महिन्यास प्रत घ्यावी. नवी प्रत जुनीवर लिहूं नये. संकेतस्थळांत बिघाड होऊन महिना लोटला व कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं, तर नवी प्रत बिघाडाचीच असते. म्हणून रोजची, महिन्याची व वर्षाची अशा पिढ्या राखाव्या. गठ्ठ्यांत डेटाबेसचा पासवर्डहि असतो. यास्तव तो कुलपांत, म्हणजे सांकेतिक बंदोबस्तांत, ठेवावा.

(६) उत्तराधिकार

शेवटची सूचना सर्वांत साधी व सर्वांत दुर्लक्षित आहे. संग्राहक मर्त्य आहे. त्याचें खातें त्याच्या पासवर्डामागें बंद राहतें व भाडें थांबतांच पुसलें जातें. कंपनीचें नांव, दोन्ही मुदती, प्रती कोठें आहेत व त्या कशा उलगडाव्या, हें एका कागदावर साध्या मराठींत लिहून तो कागद अस्सल दप्तराच्या रुमालांत बांधून ठेवावा. ज्याच्या हातीं रुमाल जाईल त्याच्या हातीं किल्लीहि जाईल.

मुळशीच्या त्या घराण्याचें काम आतां पुनः सुरू आहे. तीन घरचे अस्सल कागद पुनः गोळा करून मोठीं छायाचित्रें घेतलीं जात आहेत. मोडी वाचन पहिल्यापासून करावें लागत आहे. चौथ्या घरच्या कागदांचें बाळबोध वाचन, चौदा महिन्यांपूर्वींच्या प्रतींत आलें तेवढेंच, उरलें आहे. त्यांतील एका महजराची चतुःसीमा अर्ध्यावर तुटते. ज्या शेताची ती सीमा, तें शेत तळ्याच्या तळाशीं आहे. ती पुरी करण्यास आतां साधन नाहीं. इतर संग्राहकांवर असा प्रसंग येऊं नये म्हणून त्यांनीं या महिन्यांतच आपल्या संकेतस्थळाची एक तालीक घेऊन ती उलगडून पाहावी, अशी विनंति आहे.